एमआय-२६, चिनूक, किंग स्टॅलियन : पवनचक्कीचं पातं उचलायचं तर खरं वजन कोण नेईल?

पठारवाला (साक्री)

मंडळी नमस्कार. मी पवनचक्कीचं सामान नेणाऱ्या ट्रेलरच्या पुढे पायलट गाडी चालवतो. म्हणजे लाल झेंडा, टपावर फिरता दिवा, आणि पुढच्या गावात विजेच्या तारा बांबूने वर धरायला सोबत दोन पोरं. पातं पन्नास मीटरच्या आसपास लांब, वजन दहा टनांच्या घरात. हायवेवर काही ताप नाही. पठारावर चढायला लागलं की एखादं वळण असं येतं की पात्याचं शेपूट कुणाच्या तरी कपाशीत आणि ट्रॅक्टरचं तोंड समोरच्या बसथांब्यात.

परवा अशाच एका वळणावर अडकलो. बांधावर बसलेले एक बाबा मजा बघत होते. म्हणाले, "इतला कुटाना करापेक्षा हेलिकॉप्टरमा काब्रं नई लई जातस भो?" सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री झोप येईना, मोबाईलवर शोधत बसलो.

सापडलं ते असं. रशियाचं एमआय-२६ वीस टन. अमेरिकेचं नवं सीएच-५३के, ज्याला किंग स्टॅलियन म्हणतात, ते साधारण १६ टन बाहेर लटकवून. चिनूक ११ टनांच्या आसपास. ते कोळ्यासारखं दिसणारं स्कायक्रेन ९ ते ११ टन, मॉडेलप्रमाणे. मग दहा टनांचं पातं यातलं कुणीही नेईल ना? आणि आपल्या हवाई दलाकडे वीस टनवालं एमआय-२६ असताना ११ टनवालं चिनूक कशाला घेतलं? तिसरं, आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं. त्याने काही फरक पडतो का, की इंजिन तेवढं गरम होतं आणि बाकी तसंच?

जाणकारांनी सांगावं. खर्चाचं मला माहीत आहे, ते सांगून हसू नका.

केळीबाग (रावेर)

खर्चाचं हसत नाही, पण आधी आमची केळी दिल्लीला पोचवा. एक ट्रक म्हणजे पंधरा-सोळा टन, तुमच्या एमआय-२६च्या पोटात बरोब्बर बसतील. फक्त मधे कुठेतरी इंधनाला उतरावं लागेल आणि दिल्लीत उतरेपर्यंत केळीच्या भावात हेलिकॉप्टरचं तेलही सुटणार नाही. बाकी धागा चांगला आहे, वाचतोय. अमळनेरच्या आप्पांना कुणीतरी बोलवा, ते हवाई दलातले आहेत.

आप्पा फिटर (अमळनेर)

बोलावलंत, आलो. मी इंजिन फिटर. नोकरीचा बहुतेक काळ एमआय-८ आणि एमआय-१७ या मध्यम हेलिकॉप्टरांवर गेला. एमआय-२६ चंदीगडला शेजारी उभं असायचं, त्याचं काम जवळून बघितलं. चिनूक आलं तेव्हा मी घरी येऊन बसलो होतो. हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी मला चिनूकचा पायलट समजू नये.

पठारवाला भाऊ, आकडे बरोबर काढलेस. पण ते एका रांगेत मांडून तुलना करू नकोस, कारण प्रत्येक आकड्याच्या पाठीमागे वेगळी अट आहे. एक आकडा हुक तुटणार नाही म्हणून असतो, एक सगळं मिळून किती हे सांगतो, एक थंड हवेतला असतो.

आधी वजाबाकी कर. एमआय-२६चं रिकामं वजन २८.२ टन. जास्तीत जास्त ऑल-अप वजन ५६ टन, म्हणजे हेलिकॉप्टर, माणसं, तेल, माल सगळं धरून. मधे उरले २७.८ टन. त्यात वीस टन माल टाकला तर तेल आणि क्रू यांना पावणेआठ टन राहतात. ते तासाला तीन टनांच्या आसपास तेल पितं. म्हणजे वीस टन घेऊन दोन तासांच्या वर उडायला जागा आहे. वीस टन हा आकडा दिखाऊ नाही, कामाचा आहे.

आता चिनूक, एफ मॉडेल. रिकामं ११ टनांच्या थोडं वर, ऑल-अप २२.६८ टन. उरले साडेअकरा. तू वाचलेला ११ टनांचा आकडा जवळपास हाच आहे, आणि यात तेलही आलं, माणसंही आली! पूर्ण टाकी भरली तर तीन टनांच्या वर तेल जातं, मग मालाला आठ टनांच्या आसपास राहतात. दहा टन लटकवले तर तेलाला टनभर उरतं. चिनूक तासाला सव्वा टनाच्या आसपास जाळतं, म्हणजे पाऊण तास, त्यातला काही राखीव ठेवायचा. मधल्या हुकाची ताकद पावणेबारा टनांची आहे, म्हणून कुणी "चिनूक बारा टन उचलतं" असं लिहितो. हुक उचलेल रे, उडणार कशावर?

किंग स्टॅलियन रिकामं २० टनांच्या आसपास, बाहेर ओझं लटकवलं असताना ऑल-अप ४० टनांच्या आत. हुकावर १६.३ टन. म्हणजे तेल-क्रूला पावणेचार टन. हेही जवळच्या पल्ल्याचंच काम झालं.

ही झाली कागदावरची वजाबाकी. आता तुझा तिसरा प्रश्न, कारण खरा खेळ तिथे आहे.

हेलिकॉप्टर हवेला खाली ढकलून वर राहतं. हवा विरळ झाली की ढकलायला माल कमी. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी ४५ अंशाला तिथली हवा प्रमाण हवेपेक्षा, म्हणजे समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा, ११-१२ टक्के विरळ असते. हेलिकॉप्टरच्या हिशेबाने ती हवा सुमारे १,२५० मीटर उंचीवरची झाली. म्हणजे थर्मामीटरने जळगावला तोरणमाळाच्याही वर नेऊन ठेवलं, फक्त थंडावा दिला नाही. आणि इंजिनही हवाच खातं, त्यामुळे तेही दमतं.

इथे एक गोष्ट भले भले विसरतात. हवा बारा टक्के विरळ म्हणजे माल बारा टक्के कमी, असं नाही. तोटा ऑल-अप वजनावर होतो, आणि कापला जातो तो फक्त मालातून. हेलिकॉप्टरचं लोखंड तर हलकं होत नाही, पायलटही होत नाहीत. समजा एमआय-२६चं ५६ टनांचं ५० झालं. सहा टन गेले. ते सहा टन वीसमधून वजा कर, चौदा राहिले. हवा घटली दहा-बारा टक्के, माल घटला तीस टक्के. चिनूकच्या बाबतीतही तीच गत. तेल कमी करून थोडी भरपाई करता येते, पण मग जाणार किती लांब?

तुझा दुसरा प्रश्न, दोन्ही का. एमआय-२६ आपल्याकडे १९८६ साली आलं, एकंदर चार घेतली होती. काश्मीरच्या रेल्वेमार्गाचं काम चाललं तेव्हा जिथे रस्ताच नव्हता तिथे अवजड यंत्रं त्यानेच पोचवली. २०१३च्या प्रलयानंतर केदारनाथला रस्ता उरला नव्हता, तिथेही मातीकामाची यंत्रं एमआय-२६मधून गेली. त्याच्या पोटातली जागा बारा मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद आहे. यंत्र उघडून नेलं तरी मोठे भाग आत जातात, वर जाऊन जोडायचे. पण ते उतरवायला मैदान लागतं, आणि त्याच्या सुट्या भागांसाठी बसून राहावं लागतं, हे आम्ही बघितलेलं आहे. २०१२च्या सुमारास निविदेत चिनूकने एमआय-२६ला मागे टाकलं. २०१५च्या सप्टेंबरात १५ चिनूकचा करार झाला, आणि मार्च २०१९मध्ये चंदीगडला ती दलात आली. डोंगरात नेहमीचं ओझं वीस टनांचं नसतं. एम-७७७ तोफ सव्वाचार टनांची आहे. ती, तिचे गोळे आणि जवान, एका खेपेत उचलून कड्यावर ठेवायचे, हे चिनूकचं काम. चार टनांसाठी रिकामं असताना अठ्ठावीस टनांचं धूड कशाला फिरवायचं?

पात्याबद्दल नंतर लिहितो, लाइट गेली आहे.

यार्डवाला (भुसावळ)

आप्पा, राम राम. मी रेल्वेच्या क्रेनवर रिगर आहे, म्हणजे ओझं बांधणारा. तुमचं वाचून एकदम ओळखीचं वाटलं. आमच्या १४० टनी क्रेनबद्दल लोक विचारतात, "१४० टन उचलते का?" उचलते, पण बूम, म्हणजे क्रेनचा हात, जवळ असताना. बूम जसजशी लांब टाकाल तसतसा आकडा घसरत जातो, आणि केबिनमध्ये तक्ता लावलेला असतो. तक्ता न बघता उचलणारा ऑपरेटर फार दिवस ऑपरेटर राहत नाही. हेलिकॉप्टरला बूमच्या जागी उंची आणि ऊन, असंच ना?

स्लिंगबद्दल, म्हणजे ओझं लटकवायच्या दोरांबद्दल, एक भर. दोन पायांची स्लिंग ६० अंशाने बांधली, कोन आडव्या रेषेपासून धरला, तर प्रत्येक पायावर वजनाच्या निम्म्याहून जास्त ताण येतो. दहा टनांसाठी जवळपास पावणेसहा टन एकेका पायावर. ३० अंशावर आणलं की प्रत्येक पायावर पुरे दहा टन. हेलिकॉप्टरने हिसका दिला, वळलं, वारा लागला की त्याच्याही वर. आणि स्लिंग, शॅकल (जोडकडी), स्प्रेडर बीम (दोर लांब धरणारी आडवी तुळई) यांचं वजन मालातच धरायचं. लांब वस्तूला बीम लागतोच. टनभर तर त्यातच गेलं समजा.

तापीकाठ (शिरपूर, सध्या नाशिक)

आप्पांचं मूळ म्हणणं पटतं, पण ५६चं ५० हे थोडं कडक धरलंय असं वाटतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हेलिकॉप्टरवर काम केलेलं नाही, पण गणित सरळ आहे.

पंखा एका जागी तरंगत असताना, इंजिनची ताकद कायम राहिली, तर उचल हवेच्या घनतेच्या घनमूळाने कमी होते. हवा १२ टक्के विरळ झाली तर उचल फक्त ४ टक्क्यांनी घटते. ५६ टनांचे चार टक्के म्हणजे सव्वादोन टन. इंजिनही हवेच्या प्रमाणात दमलं, तर मात्र पूर्ण १२ टक्के जातात, म्हणजे साडेसहा-पावणेसात टन. सत्य या दोहोंच्या मधे कुठेतरी. कुठे, ते इंजिनात राखीव ताकद किती आहे त्यावर. बऱ्याच हेलिकॉप्टरांत इंजिन देऊ शकतं त्याच्यापेक्षा कमी ताकद गिअरबॉक्स सोसतो. थंडीत ती जास्तीची ताकद वायाच जाते, आणि उन्हाळ्यात तीच कामाला येते. एमआय-२६चा मुख्य गिअरबॉक्स एकटा साडेतीन टनांहून जड आहे, यावरून कळावं की त्याच्यावर काय येतं.

आता एक गंमत बघा. एमआय-२६ची दोन इंजिनं प्रत्येकी ११,४०० अश्वशक्तीची, मिळून २२,८००. किंग स्टॅलियनची तीन, प्रत्येकी ७,५०० ची, मिळून २२,५००. ताकद जवळपास सारखी! पण एक ५६ टनांपर्यंत जातं, दुसरं ४० टनांपर्यंतच. कारण पंखा. एमआय-२६चा पंखा ३२ मीटर व्यासाचा, ८०० चौरस मीटरच्या वर क्षेत्रफळ. किंग स्टॅलियनचा २४ मीटरचा, साडेचारशे चौरस मीटर. त्याला जहाजावर मावायचं असतं, पंखा हवा तेवढा मोठा करता येत नाही. मोठा पंखा भरपूर हवा हळू ढकलतो, लहान पंखा थोडी हवा जोरात ढकलतो. पहिल्या प्रकारात तेवढ्याच ताकदीत जास्त वजन उचललं जातं.

मग अमेरिकनांनी ताकद वाया घालवली का? नाही. टनामागे अश्वशक्ती काढा. एमआय-२६ला साधारण ४०७, चिनूकला ४१७, किंग स्टॅलियनला ५६० च्या वर. ही जादा ताकद उन्हासाठी आणि उंचीसाठी ठेवलेली आहे. त्यांच्या नौदलाची अटच होती की १२.२ टन बाहेर लटकवून २०० किलोमीटरवर नेऊन टाकायचे आणि परत यायचं, तेही ३,००० फूट उंचीच्या आणि ३३ अंश तापमानाच्या हवेत. त्या हवेची घनता काढली तर घनमीटरला १.०३ किलोच्या आसपास येते.

साक्रीचं पठार ६०० मीटर उंच धरा आणि तापमान ४५ अंश. घनता किती येते? १.०३!

म्हणजे पठारवाले, अमेरिकेच्या नौदलाने नकळत तुमच्या मे महिन्याच्या दुपारसाठीच हेलिकॉप्टर मागवलं. कागदावर १६ टनवालं त्या दुपारी १२ टन घेऊन जातं, परतीच्या तेलासकट. २० टनवाल्याचं तिथे नेमकं काय होईल ते त्याचा तक्ता बघितल्याशिवाय कुणी सांगू नये, पण दोघांमधलं अंतर कागदावर दिसतं तेवढं राहणार नाही एवढं नक्की.

पठारवाला (साक्री)

बठ्ठं समजनं भो, घनमूळ सोडून. 😀

मग चिनूकचा पंखा? त्याला दोन आहेत. आणि आप्पा, पात्याचं राहिलं.

तापीकाठ (शिरपूर, सध्या नाशिक)

चिनूकचे दोन पंखे प्रत्येकी १८.३ मीटरचे. मिळून सव्वापाचशे चौरस मीटर, मधला एकमेकांवर येणारा भाग जरा वजा करायचा. चौरस मीटरमागे वजन काढलं तर चिनूकला ४३ किलो, एमआय-२६ला ७०, किंग स्टॅलियनला ८८. म्हणून चिनूक उंचावर एवढं आरामात राहतं. शिवाय दोन्ही पंखे उलटसुलट फिरतात, त्यामुळे शेपटीचा पंखा लागत नाही. एका पंख्याच्या हेलिकॉप्टरमध्ये अंग गरगर फिरू नये म्हणून शेपटीला ताकदीचा वाटा द्यावा लागतो, आणि त्यातून उचल फारशी मिळत नाही.

आप्पा फिटर (अमळनेर)

इंजिनिअर साहेबांचं घनमूळ मान्य. पण मी पन्नास का धरलं ते सांगतो. पुस्तकातलं इंजिन नवं असतं. आमच्या हातातलं धूळ खाल्लेलं असतं, आणि धुळे जिल्ह्याच्या नावातच जे आहे ते कॉम्प्रेसरच्या पात्यांना काय करतं हे मला विचारा. शिवाय स्लिंगच्या कामात पूर्ण ताकदीवर कुणी तरंगत नाही. हातात थोडी शिल्लक ठेवूनच पायलट ओझं उचलतो, आणि ती ठेवलीच पाहिजे.

अजून एक फरक यात कुणी घेतला नाही. एमआय-२६ला चाकं आहेत. माल पोटात असेल आणि पुढे धावपट्टी असेल तर ते विमानासारखं थोडं धावून उठतं. पुढे वेग मिळाला की पंख्याला ताजी हवा मिळते, आणि जागच्या जागी उचलता आलं नसतं एवढं वजन घेऊन ते निघतं. जमिनीच्या जवळ असताना खालच्या हवेची गादीही मिळते. ओझं दोराने खाली लटकवलं की हे दोन्ही फायदे गेले. उभ्या उभ्या वर यायचं, आणि जमिनीपासून इतक्या उंचीवर तरंगायचं की गादी लागत नाही. म्हणून एकाच हेलिकॉप्टरचा पोटातला आकडा आणि दोरावरचा आकडा कागदावर सारखा असला तरी उन्हाळ्यात तसा राहत नाही.

थंडीचं उलटं उदाहरणही आहे. १९९९ साली सायबेरियात बर्फात गोठलेला मॅमथ, म्हणजे जुन्या काळचा केसाळ हत्ती, गोठलेल्या मातीच्या ठोकळ्यासकट कापून काढला, वजन वीस टनांहून जास्त, आणि एमआय-२६ने तो दोरावर नेला. तिथे हवा मदतीला होती. २००२ साली अफगाणिस्तानच्या डोंगरात पडून राहिलेलं अमेरिकेचं चिनूक, आतलं सामान आणि पंखे उतरवून, रशियन एमआय-२६नेच लटकवून बग्रामच्या हवाई तळावर आणलं. आमच्या मेसमध्ये त्या बातमीवर बराच चहा संपला होता.

आता पातं.

वजनाचं म्हणशील तर दहा टन पातं, टनभर बीम-स्लिंग, अकरा टन. मे महिन्याच्या दुपारी पठारावर चिनूक आणि स्कायक्रेन बाद. एमआय-२६ आणि किंग स्टॅलियन उचलतील. जानेवारीत सकाळी चिनूकही उचलेल, पण अकरा टनांवर त्याला तेलाला जागाच उरत नाही हे वर लिहिलंय. हलकं पातं असेल, सात-आठ टनांचं, तर चिनूक बसतं.

पण अडचण वजनाची नाहीच. पातं ही चीज मुळात वारा धरायला बनवली आहे. दोराला लटकवून पुढे निघालास की ते स्वतःच उडायला बघणार. कधी वर येईल, कधी बाजूला ओढेल, एका हुकावर असेल तर गोल फिरायला लागेल. चिनूकला पोटाखाली तीन हुक असतात, पुढच्या आणि मागच्या हुकाला दोन ठिकाणी बांधलं की ओझं फिरत नाही, हा त्याचा मोठाच गुण. तरी हिशेब बघ. पंखे फिरत असताना चिनूक पुढून मागे ३० मीटर, एमआय-२६ पुरं ४० मीटर. पातं पन्नास मीटर. हेलिकॉप्टरपेक्षा लांब पंख त्याच्याच झोताखाली झुलतोय, वरून झोत, समोरून वारा. पायलटला ओझं डोलायला लागलं आणि आवरेना, तर त्याच्याकडे एकच उपाय असतो, हुक सोडणं. खाली कुणाची कपाशी आहे ते तुला ठाऊक.

नॅसेलचा, म्हणजे मनोऱ्याच्या टोकावरच्या यंत्राच्या पेटीचा, तर विचारच नको. दोन मेगावॅटच्या मशीनची नॅसेल सत्तर टनांच्या आसपास. हेलिकॉप्टरने आजवर उचललेलं सर्वांत जड ओझं ४४,२०५ किलो, तेही १९६९च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत व्ही-१२ ने विक्रमासाठी. दोन्ही बाजूंना दोन पंखे, १०५ टनांचं यंत्र. दोनच बनवली, पुढे कुणी बनवली नाहीत.

केळीबाग (रावेर)

आप्पा, मग ते स्कायक्रेन कशासाठी असतं? बघितलं तर पोटच नाही त्याला.

आप्पा फिटर (अमळनेर)

पोट नाही म्हणूनच. पोटाचं लोखंड वाचलं, ते ओझ्यात गेलं. आणि मागे तोंड करून बसलेला एक जण सतत ओझ्याकडे बघत स्वतः हेलिकॉप्टर हलवू शकतो, हे तर फार हुशारीचं. १९७५ साली टोरंटोच्या सीएन टॉवरच्या टोकावर अँटेनाचे तुकडे त्यानेच बसवले. १९९३ साली वॉशिंग्टनच्या संसदेच्या घुमटावरचा पुतळा दुरुस्तीसाठी खाली आणला आणि परत वर ठेवला, तेही त्यानेच. ही कामं बघ कशी आहेत. आटोपशीर वस्तू, अंतर थोडं, आणि क्रेन पोचत नाही अशी जागा. विजेचे मनोरे, जंगलातली लाकडं, आगीवर पाणी. पन्नास मीटरचं पातं त्या यादीत नाही.

यार्डवाला (भुसावळ)

पठारवाले, तुमच्या वळणाला एक वेगळंच यंत्र आहे. पात्याचं बूड एका भक्कम पकडीत धरून, ट्रेलरवरच पातं तिरकं वर उचलणारा ॲडॉप्टर येतो. वळण आलं की पातं वर, वळण संपलं की खाली. चीनमध्ये डोंगरात असंच नेतात. वारा जास्त असेल तर थांबावं लागतं आणि वरच्या तारा आधी काढाव्या लागतात. पण झाडं आणि बसथांबे वाचतात. तुमच्या ठेकेदाराला विचारा.

पठारवाला (साक्री)

विचारलं. म्हणाला, भाडं परवडत नाही, त्यापेक्षा वळणावरच्या शेतात मुरूम टाकून रस्ता रुंद करू, शेतकऱ्याला पिकाची भरपाई देऊ. बाबा तयार आहेत, फक्त कपाशी वेचून होऊ द्या म्हणतात.

एक शेवटचं आप्पा. समजा उद्या खरंच एखादं एमआय-२६ आमच्या पठारावर काही टाकायला आलं, पातं नाही, दुसरं काही. खाली आम्ही काय तयारी ठेवायची?

आप्पा फिटर (अमळनेर)

पहाटेची वेळ माग, दुपार नको. कारण वर लिहून झालंय.

जागा निवडताना फक्त किती मोठी ते बघू नकोस, तिथली माती बघ. ५६ टन हवेत धरायला जी हवा खाली जाते ती गणिताने ताशी १२० किलोमीटरच्या आसपास निघते. किंग स्टॅलियनची त्याहून जोरात, चिनूकची जरा मवाळ, पण तीही शंभरीच्या जवळ. नांगरलेल्या काळ्या जमिनीवर उन्हाळ्यात हे आलं की पायलटला जमीनच दिसत नाही, धुळीच्या भिंतीत उतरावं लागतं. खडकाळ माळ चांगला. मातीच असेल तर आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी मारून ठेवायचं, आणि पहाटे पुन्हा. नुसतं वरवर नाही, मुरेपर्यंत.

आसपासच्या शेडचे पत्रे, कडब्याच्या गंज्या, शेडनेट, ताडपत्र्या, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, सगळं आधी हलवायचं किंवा दगड ठेवून बांधायचं. पत्रा उडाला तर माणूस कापतो, आणि ताडपत्री पंख्यात किंवा इंजिनात गेली तर हेलिकॉप्टरच खाली येतं. गुरं लांब बांधा. दोर सोडवायला जाणारे दोघेच, गॉगल आणि हेल्मेट घालून. हुकाला हात लावण्याआधी जमिनीला जोडलेल्या तारेच्या काठीने तो टेकवून घ्यायचा. उडताना अंगावर स्थिर वीज जमते, मोठ्या हेलिकॉप्टरची तर माणूस आडवा पाडेल एवढी. नवीन पोरं हे हमखास विसरतात.

आणि बघायला येणाऱ्यांना निदान दोन शेतं लांब ठेव. साक्री तालुका अख्खा येईल.